जी गोष्ट अहवालात मावत नाही

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी घेतलेल्या लेखन-शिबिरात केलेले भाषण)



शिबिराच्या पत्रकात माझ्या नावापुढे ‘कथालेखन’ असं छापलंय. मी काही कथालेखिका नाही. समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं आणि गेली दहा-अकरा वर्षं एका सल्ला केंद्रात काम करते आहे. लिहिते मात्र रोज. केस पेपर, गृहभेटीची नोंद, पोलीस ठाण्याला पत्र, देणगीदारांना तिमाही अहवाल. तुम्हीही हेच लिहिता. आपल्या चळवळीने गाणी रचली, ‘मुलगी झाली हो’सारखी नाटकं गावोगाव नेली, पोस्टर्स केली. गोष्ट मात्र आपण साहित्यिकांवर सोडून दिली. का सोडली, आणि सोडल्यामुळे आपलं काय गेलं, याबद्दल मला बोलायचंय. त्यासाठी एका बाईची ओळख करून द्यायची आहे. पण आधी आपल्या त्या केस पेपरकडे बघू.

नाव, वय, शिक्षण, लग्नाची तारीख, अपत्ये, तक्रारीचे स्वरूप. त्या शेवटच्या रकान्याला दोन ओळींची जागा. चौदा वर्षांचा संसार त्या दोन ओळींत बसवायचा. ‘पती मद्यपी, मारहाण करतो, माहेरी हाकलले.’ यात खोटं काही नाही, कोर्टात हेच लागतं. पण ती बाई आपल्यासमोर बसते तेव्हा मारहाणीपासून सुरुवात करत नाही. एकीने मला सांगितलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात तिने दाराशी शेवगा लावला होता. तो त्याने एक दिवस रागाच्या भरात मुळापासून तोडला. मार ती विसरायला तयार होती. शेवगा विसरायला तयार नव्हती. आता हा शेवगा कुठल्या रकान्यात लिहायचा?

ज्या बाईची ओळख करून देणार म्हटलं, त्या म्हणजे बेगम रोकेया सखावत हुसेन. तुमच्यापैकी काहीजणींना नाव माहीत असेल, ते बहुधा मुस्लिम मुलींच्या शिक्षणाच्या संदर्भात. त्यांचा जन्म १८८० सालचा, रंगपूर जिल्ह्यातल्या पायराबंद गावचा. आज तो भाग बांगलादेशात आहे. जमीनदाराचं घर, कडक पडदा. मुलींनी अरबी पाठ करावं, थोडं उर्दू-फारसी शिकावं. बंगाली आणि इंग्रजी त्यांच्यासाठी नाही. रोकेयांना इंग्रजी शिकवलं थोरल्या भावाने, घर झोपल्यावर, मेणबत्तीच्या उजेडात. बंगालीची गोडी लावली थोरल्या बहिणीने, करीमुन्निसाने. या बहिणीला स्वतःला चोरूनच वाचावं लागलं होतं, आणि तिचं लग्न लहान वयात उरकून टाकण्यात आलं. पुढे रोकेयांचं लग्न भागलपूरच्या सय्यद सखावत हुसेन यांच्याशी झालं. विधुर, वयाने बरेच मोठे, सरकारी नोकरीतले. हा माणूस बायकोला लिही म्हणणारा निघाला, हे नशीब. नशीब म्हणते, कारण तिच्या जागी त्याच काळात बसलेल्या इतर हजारोंना ते मिळालं नाही.

१९०४ साली रोकेयांनी ‘नवनूर’ या बंगाली मासिकात स्त्रियांच्या अवनतीवर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी सरळ म्हटलं, की धर्मग्रंथांतले बायकांविषयीचे नियम पुरुषांनी केलेले आहेत. गदारोळ झाला. पुढे तो निबंध ‘मोतीचूर’ या पुस्तकात घेतला तेव्हा त्यातले नेमके तेच परिच्छेद गाळले गेले.

आता पुढच्याच वर्षी काय झालं बघा. नवरा दोन दिवस फिरतीवर होता. वेळ घालवायला म्हणून रोकेयांनी इंग्रजीत एक गोष्ट लिहिली. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने, इंग्रजीत. तिचं नाव ‘सुलतानाज ड्रीम’. नवरा परत आला, उभ्याउभ्याच त्याने ती वाचून काढली आणि म्हणाला, हा तर भयंकर सूड आहे! १९०५ मध्ये मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’ने ती छापली, १९०८ मध्ये कलकत्त्याहून तिचं छोटं पुस्तक निघालं.

गोष्ट अगदी लहान आहे. सुलताना आरामखुर्चीत बसल्या बसल्या एका देशात जाते. तिथे रस्त्यावर सगळ्या बायका. पुरुष कुठे आहेत? घरात, मर्दान्यात. ते स्वयंपाक करतात, मुलं सांभाळतात. बायका विद्यापीठात संशोधन करतात. एका विद्यापीठाने ढगांतलं पाणी नळ्यांनी खाली ओढून घ्यायची युक्ती काढली, दुसऱ्याने सूर्याची उष्णता साठवायची. शत्रू चालून आला तेव्हा पुरुषांचं सैन्य हरलं. मग बायकांनी ती साठवलेली उष्णता शत्रूवर सोडली आणि रक्ताचा थेंब न सांडता लढाई जिंकली. पुरुष तोवर थकूनभागून मर्दान्यात गेले होते, ते तिथेच राहिले. सुलताना विचारते, यांना कोंडून कसं ठेवता? उत्तर मिळतं ते असं, की वेडी माणसं मोकळी सुटून शहाण्यांना त्रास द्यायला लागली तर कोंडायचं कुणाला, वेड्यांना की शहाण्यांना?

निबंधात जे बोलू दिलं नाही, ते गोष्टीत बोलून टाकलं. उलट अधिक तिखट. तरी ती छापली गेली, कारण ते ‘स्वप्न’ होतं ना! मला इथे रोकेयांची हुशारी दिसते. लेखनाचा कुठला प्रकार कुठल्या कामाला चालतो हे त्यांना नेमकं कळत होतं.

आणि त्या एका प्रकारावर थांबल्या नाहीत. १९२२ साली ‘मोतीचूर’चा दुसरा भाग निघाला, त्याची अनुक्रमणिका बघण्यासारखी आहे. ‘ज्ञानफल’ ही परीकथेच्या वळणाची. ज्ञानाचं फळ आधी बाईने तोडलं, आणि तिलाच ते खायला बंदी केली तेव्हा झाड वाळून गेलं. ‘मुक्तिफल’ हे राजकीय रूपक. आई आजारी आहे, मुलगे तिच्यासाठी मुक्तीचं फळ आणण्याच्या गप्पा करतात, आपसांत भांडतात आणि मुलींना विचारत नाहीत. त्या काळच्या राष्ट्रीय चळवळीला मारलेली ही चपराक आहे. ‘नारीसृष्टी’ हा पुराणकथेवरचा विनोद. ‘सौरजगत’मध्ये नऊ मुलींचा बाप, त्यांना शिकवावं की नाही यावर घरात चाललेला वाद, सगळं हसतखेळत. ‘नर्स नेली’ ही इस्पितळात भेटलेल्या एका बाईची करुण कहाणी. मेरी कॉरेली या इंग्रज लेखिकेच्या कादंबरीवरूनही एक लेख आहे. ‘सुलताना’ तर त्यांनी स्वतःच बंगालीत आणली. दोन वर्षांनी ‘पद्मराग’ ही छोटी कादंबरी आली. तीत ‘तारिणी भवन’ नावाचं घर आहे. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशा घराबाहेर पडलेल्या बायका तिथे एकत्र राहतात, शाळा चालवतात, आजाऱ्यांची शुश्रूषा करतात, रात्री एकमेकींना आपापली हकिगत सांगतात. निवारागृहात काम करणाऱ्या मैत्रिणींनी ही जरूर मिळवून वाचावी. इंग्रजी भाषांतर उपलब्ध आहे.

हे सगळं लिहायला वेळ कधी मिळाला? १९०९ मध्ये नवरा गेला. त्याने मुलींच्या शाळेसाठी ठेवलेल्या पैशातून भागलपूरला पाच मुलींची शाळा काढली. सासरच्या मालमत्तेच्या भांडणात ते शहर सोडावं लागलं. १९११ साली कलकत्त्यात आठ मुली घेऊन शाळा पुन्हा सुरू केली. घरोघर जाऊन आईबापांना विनवायचं, मुलींना आणायला पडदे लावलेल्या गाडीची व्यवस्था करायची, शिक्षिका शोधायच्या, हिशेब ठेवायचे. १९१६ मध्ये मुस्लिम स्त्रियांची संघटना काढली, तिचं काम वेगळंच. म्हणजे आपल्यासारखीच, वेळ नसलेली बाई. म्हणून तर लहान लिहिलं, असं मला वाटतं. चारशे पानांच्या कादंबरीला लागणारी सकाळ बायकांकडे नसते. दोन दिवस नवरा बाहेरगावी गेला तर एक गोष्ट होते.

आता त्यांच्या शेवटच्या पुस्तकाकडे येते, कारण ते आपल्या सगळ्यात जवळचं आहे. ‘अवरोधवासिनी’, १९३१. अवरोध म्हणजे अंतःपुरातला बंदिवास. यात सत्तेचाळीस घटना आहेत, काही जेमतेम पाऊण पानाच्या. विश्लेषण नाही. बिहारमध्ये क्यूल स्टेशनवर गाडी बदलताना एक बाई बुरख्यात अडकून रुळांत पडते. बरोबरची दासी कुणाही पुरुषाला हात लावू देत नाही. गाडी अर्धा तास थांबते, मग सुटते. दुसरी एक, घराला आग लागली म्हणून दागिन्यांची पेटी घेऊन बाहेर धावते. अंगणात आग विझवायला परके पुरुष जमलेले पाहते आणि परत आत जाऊन पलंगाखाली बसते. तिथेच ती जळून जाते. यात हिंदू बायकाही आहेत. गंगास्नानाहून परतताना एक नवी नवरी घुंगटातून नवऱ्याच्या धोतराचा काठ तेवढा बघत चालते आणि भलत्याच माणसामागे निघून जाते. पोलीस त्या बिचाऱ्याला बायको पळवली म्हणून धरतात. वाचताना हसू येतं आणि हसताना घशाशी काहीतरी अडकतं.

बघा, हे केस पेपरच आहेत! तेवढेच लहान, तेवढेच कोरडे. फरक एवढाच, की आपण ‘तक्रारीचे स्वरूप’ लिहितो आणि रोकेया तो एक क्षण लिहितात ज्यात सगळं दिसतं. रुळ, दासी, थांबलेली गाडी. आपण लिहिलं असतं, ‘पडदा प्रथेमुळे महिलांच्या सुरक्षिततेवर विपरीत परिणाम होतो.’

मी त्यांची भक्त नाही, हेही सांगून टाकते. या घटनांतल्या बायका बहुतेक खानदानी घरातल्या आहेत. शेतात, गिरणीत, दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या बाईला कुठला अवरोध परवडणार होता? ती या पुस्तकात दिसते ती दासी म्हणून, मालकिणीचा पडदा राखणारी. रुळाशी उभी राहून हात लावू नका म्हणून ओरडणाऱ्या त्या दासीच्या जिवाचं काय झालं असेल, याची गोष्ट रोकेयांनी लिहिली नाही. ती दुसऱ्या कुणीतरी लिहायची. आपल्याकडे ऊर्मिला पवारांच्या ‘सहावं बोट’ने १९८८ साली ती जागा घेतली, म्हणून ही उणीव आपल्याला लगेच दिसते. आणि स्वप्नातल्या देशाबद्दलही माझी तक्रार आहे. पुरुषांना मर्दान्यात टाकून प्रश्न सुटतो का? पण तो आराखडा नाहीच, तो आरसा आहे. त्यात पुरुषांनी स्वतःला बघावं म्हणून धरलेला.

मराठीतही अशी एक बाई होती, तिला आपण विसरून गेलो. काशीबाई कानिटकर. १८६१ चा जन्म, अक्षरओळख लग्नानंतर, तीही लपूनछपून. त्यांनी कादंबरी लिहिली, गोष्टी लिहिल्या, डॉ. आनंदीबाई जोशींचं चरित्र लिहिलं, आणि १९२८ मध्ये ‘पालखीचा गोंडा’ लिहून एका संस्थानाचा कारभार बाईच्या हाती देऊन पाहिला. रोकेया आणि काशीबाई, दोघींनी आपापल्या भाषेत बायकांचं राज्य रचलं. दोघी एकाच प्रकारात अडकून राहिल्या नाहीत, आणि दोघींना नुसतं ‘समाजसुधारक’ म्हणून साहित्याच्या बाहेरच्या ओट्यावर बसवलं गेलं. एखाद्या लेखकाने कथा, रूपक, विनोद, विज्ञानकथा सगळं लिहिलं की तो ‘बहुप्रसव, अष्टपैलू’ होतो. बाईने लिहिलं की ‘हौशी’.

हे झालं पुस्तकांचं. आता वस्तीतलं सांगते.

शहराच्या कडेला आमचा एक बचत गट आहे, पंधरा-सोळा जणींचा. तिथे मी ‘सुलताना’ची गोष्ट माझ्या शब्दांत सांगितली. वाटलं होतं, स्वप्न, विद्यापीठ वगैरे परकं वाटेल. तर ढगातून पाणी ओढण्याचं ऐकून एकजण पटकन म्हणाली, “हा वॉर्ड कुठला ओ ताई? आमच्या नळाला तर रात्री दोनला पाणी येतं.” दुसरीने विचारलं, मर्दान्यातल्या पुरुषांना स्वयंपाकाचा पगार मिळतो का? मी म्हटलं, तसं काही लिहिलेलं नाही. “मग त्यांनी आमच्यासारखंच फुकट करायचं का?” सगळ्या हसल्या. घरकामाच्या मोलावर मी आजवर जेवढी भाषणं केली, तेवढ्यांत मिळून एवढी चर्चा झाली नव्हती. पुढच्या बैठकीला त्या आपापलं स्वप्न घेऊन आल्या. एकीच्या गावात रेशन दुकानदार रांगेत उभा होता. एकीच्या स्वप्नात काहीच घडत नव्हतं, ती नुसती दुपारी झोपली होती आणि तिला कुणी उठवत नव्हतं.

त्यांच्यात एकजण होती, दीड महिना येत होती पण तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाली, “एक बाई होती.” आणि एका बाईची गोष्ट सांगायला लागली. बाईचा दीर, घरामागचा गोठा, गोठ्यातली म्हैस. कुणाची गोष्ट आहे ते खोलीतल्या प्रत्येकीला कळत होतं. कुणी म्हटलं नाही, की ही तूच का. ‘माझ्यावर असा असा प्रसंग आला’ हे वाक्य तिच्या तोंडून निघालं नसतं. ‘एक बाई होती’ हे निघालं. आपण समुपदेशनात तिसऱ्या पुरुषी बोलण्याला कधीकधी ‘टाळणं’ म्हणतो. मला ते पटत नाही. ती टाळत नव्हती, तिने अंगावर पदर घेतला होता, आणि पदराआडून ती सगळं बोलली.

पुढे प्रश्न आला छापण्याचा. तिलाच ते छापून यायला हवं होतं, आपल्या छोट्या पत्रिकेत. इथे मात्र आपण कार्यकर्त्यांनी फार सावध राहायला हवं. लैंगिक अत्याचार झालेल्या बाईची ओळख उघड होईल असं काही छापणं हा गुन्हा आहे. १९८३ साली भारतीय दंड संहितेत त्यासाठी कलम २२८-अ आलं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम ७२ म्हणून आहे. आपण समजतो, नाव बदललं की झालं. नाव बदलून काही होत नाही. गाव, नात्यांची उतरंड, नवऱ्याचा धंदा, मुलांची संख्या यांतून माणूस ओळखू येतो. आम्ही तिच्याबरोबर बसून एकेक ओळ वाचली. दिराचा मामा केला, गोठ्याचं पिठाची गिरणी केलं. तरी ती म्हणाली, “म्हैस काढा. ती म्हैस पंचक्रोशीत माहितीय.” म्हैस काढली. शेवटी जे उरलं ते तिच्या परवानगीने गेलं. त्यात तिची एकही खूण नव्हती आणि तिचं सगळं होतं. असं अहवालात करता येत नाही. अहवालात तपशील बदलला तर ते खोटं ठरतं. गोष्टीत तपशील बदलूनच खरं सांगावं लागतं.

आपल्या आधीच्या बायकांना हे ठाऊक होतं. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं तेव्हा लेखिकेने ‘विभावरी शिरूरकर’ या नावाचा पडदा घेतला. केवढा गहजब झाला, ही बाई कोण म्हणून शोध सुरू झाला! शिक्षिका म्हणून काम करणाऱ्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर, त्या नावामागे होत्या.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की आपल्या हाताशी असलेले प्रकार वापरूया. ते शिकायला साहित्याचा वर्ग लागत नाही, आपल्या आज्यांनी ते आधीच देऊन ठेवलेत. आटपाट नगराची कहाणी घ्या. नावडतीची कहाणी आपण सगळ्यांनी ऐकलीय, आता ती आवडतीच्या तोंडून ऐकूया, तिलाही तिचं भय असेलच. भुताची गोष्ट घ्या. बाळंतपणात मेलेल्या बाईची हडळ होते म्हणतात. त्या हडळीला एकदा विचारा, बाई गं, तू मेलीस कशी? गाडी वेळेवर आली नाही, की दवाखान्यात डॉक्टर नव्हते, की सासूने म्हटलं आमच्या वेळी नव्हतं असलं काही? ही तपासकथाही होते आणि आरोग्य खात्यावरचं आरोपपत्रही. पत्र घ्या, न पाठवलेलं. भविष्यातली गोष्ट घ्या. विनोद तर घ्याच, आपल्या अंकांत तो फार कमी असतो, वाचणारीला वाटतं संघटनेत गेलं की हसायची बंदी आहे. जिला जे जमेल ते. आणि एकीने आज हडळ लिहिली म्हणून उद्या तिला पत्र लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

प्रकाशकाच्या मागे लागायचीही गरज नाही. पूर्वी आपण सायक्लोस्टाइलवर पत्रकं काढायचो, आता झेरॉक्सवर सोळा पानं निघतात, मधे दोन पिना मारल्या की पुस्तिका झाली. ज्या वस्तीतली गोष्ट, तिथे आधी वाचून दाखवा. तिथल्या बायका सांगतात कुठे खोटं वाजतंय.

रोकेया ९ डिसेंबर १९३२ला पहाटे गेल्या. आदल्या रात्री त्या लिहीत होत्या. टेबलावर एक अपुरा लेख सापडला, ‘नारीर अधिकार’, म्हणजे स्त्रीचा हक्क. आता चहा येईल. चहानंतर चार-चार जणींचे गट करू. कोरे कागद मागच्या टेबलावर आहेत, एकीने एकच घ्या, कारण गोष्ट एका पानाचीच लिहायची आहे. केस पेपर आणले असतील ते पिशवीतच राहू द्या. गटात आधी गोष्ट सांगा, मग लिहा, आणि लिहून झाल्यावर शेजारणीला विचारा, यात कुणी ओळखू येतंय का. आलं तर आपली म्हैस शोधा.